काळा सैतान: विद्यार्थ्यांनी बांधलेले ग्लायडर

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ च्या व्हर्साय तहाने पराभूत जर्मनीला हवाईदल ठेवण्यास मनाई केली. विमाने बांधण्यावरही बंधने आली. मग विमानविद्येची ओढ असलेल्या तरुणांनी करायचे काय? ते बिनइंजिनाच्या विमानाकडे, म्हणजे ग्लायडरकडे वळले.

आखेनच्या तंत्रविद्यापीठातील विद्यार्थ्यांनी १९२० साली एक उड्डाणमंडळ काढले. वायुगतिशास्त्राचे प्राध्यापक थिओडोर फॉन कारमान त्यांच्या पाठीशी होते. वोल्फगांग क्लेम्पेरर यांनी आराखडा केला आणि मंडळाने एका माणसापुरते लाकडी ग्लायडर बांधले. त्यावर काळे कापड मढवले होते, म्हणून नाव पडले 'श्वार्झर टॉयफेल', अर्थात 'काळा सैतान'.

त्या काळी बहुतेक विमानांचे पंख बाहेरून तारा व टेकू लावून तोललेले असत. अशी प्रत्येक तार हवेचा विरोध वाढवते. इंजिन असेल तर जादा ताकद लावून हा तोटा भरून काढता येतो. ग्लायडरजवळ मात्र उंची हीच शिल्लक. विरोध वाढला की ती भराभर खर्च होते. म्हणून क्लेम्पेरर यांनी पंख जाड ठेवून भार पेलणाऱ्या तुळया त्यांच्या पोटातच घातल्या. पूर्वी आखेनलाच प्राध्यापक असलेल्या हुगो युंकर्स यांनी जाड पंखाचे पेटंट १९१० मध्येच घेतले होते.

सप्टेंबर १९२० मध्ये वासरकुप्पे या डोंगरावरून 'काळा सैतान' २ मिनिटे २२ सेकंदांत १८३० मीटर गेला. वर्गात भागाकार करून पाहावा: जमिनीच्या संदर्भात वेग ताशी सुमारे ४६ किलोमीटर येतो. पुढच्याच वर्षी मंडळाच्या 'निळा उंदीर' या ग्लायडरने उतारावरून वर चढणाऱ्या वाऱ्याच्या आधाराने १३ मिनिटे उड्डाण केले आणि ऑर्व्हिल राइट यांचा १९११ चा ९ मिनिटे ४५ सेकंदांचा विक्रम मोडला.

या कथेला दुसरी बाजूही आहे. पुढे नाझी राजवटीने ग्लायडरच्या शिक्षणाचा उपयोग हवाईदलासाठी वैमानिक घडवण्याकरिता केला. ज्यू असलेले कारमान तोवर अमेरिकेत स्थायिक झाले होते. क्लेम्पेररही तेथेच गेले होते. विद्या कोणाच्या हाती जाईल, हे ती शोधणाऱ्यांच्या हाती राहत नाही. हेही विद्यार्थ्यांशी बोलावे, असे आम्हांला वाटते.

आणि एक प्रयोग जरूर करावा. दोन सारखी कागदी विमाने घ्यावीत. एकाच्या पंखांवर कागदी पट्ट्या सपाट चिकटवाव्यात, दुसऱ्यावर तेवढ्याच पट्ट्या समोरच्या हवेला अडवतील अशा उभ्या. दोन्ही सारख्याच उंचीवरून अनेकदा सोडून अंतरे मोजावीत.