डोके-मानेचा कर्करोग : ‘पेट’ तपासणीचे भाकीत

डोके व मानेच्या कर्करोगावर किरणोपचार व केमोथेरपी पूर्ण झाल्यावर मानेच्या गाठींत रोग उरला आहे काय, हा कळीचा प्रश्न असतो. पेट-सीटी तपासणीत किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेले ग्लुकोजसदृश द्रव्य शिरेतून देतात. कर्कपेशी ते अधिक शोषून घेतात व प्रतिमेत उजळ दिसतात. किरणोपचारानंतरची सूजही तशीच उजळत असल्याने ही तपासणी साधारण १२ आठवड्यांनी करतात.

ब्रिटनमधील ‘पेट-नेक’ चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीत ५६४ रुग्ण होते. निम्म्यांसाठी मानेची शस्त्रक्रिया आधीच ठरलेली होती. उरलेल्यांवर ती पेट-सीटीत रोग किंवा संशय दिसला तरच करायची होती. दोन वर्षांनी हयात रुग्णांचे प्रमाण अनुक्रमे ८१.५ व ८४.९ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच होते. शस्त्रक्रिया मात्र पहिल्या गटात २२१, तर दुसऱ्यात अवघ्या ५४ झाल्या. खांदा आखडण्यासारखे त्रास अनेकांचे टळले.

चाचणीतील बहुसंख्य रुग्णांना एचपीव्ही विषाणूशी निगडित घशाचा कर्करोग होता. आपल्याकडील तंबाखूजन्य मुखकर्करोगात बहुधा प्रथम शस्त्रक्रियाच करतात. त्यामुळे हा निष्कर्ष तेथे जसाच्या तसा लागू होत नाही.