एका इंजिनाचा कुलवृत्तान्त

कुलवृत्तान्त लिहावयाचे ते घराण्यांचे, असा आपल्याकडे प्रघात आहे. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गावाहून आला, त्याच्या शाखा कोठकोठे पसरल्या, हे सारे धुंडाळून कागदावर उतरविण्याची आपल्या लोकांना मोठी हौस. परंतु एखाद्या इंजिनाचाही असा वृत्तान्त मांडता येतो, आणि प्रसंगी तो मांडल्यावाचून गत्यंतर उरत नाही, हे आम्हांस कोलकात्याच्या वास्तव्यात प्रथम उमगले.

तेथील आमच्या एका स्नेह्यांकडे वडिलांच्या वेळची, १९५५ सालची मॉरिस ऑक्सफर्ड आहे. एका उन्हाळ्यात तिचे इंजिन तापले, घाईने त्यात थंड पाणी ओतले गेले, आणि बिडाच्या सिलिंडर-ब्लॉकला तडा गेला. मिस्त्रीने जपानी इंजिन बसविण्याचा सल्ला दिला. स्नेही गप्प राहिले. गाडी चालावयास हवी होतीच. परंतु ती वडिलांचीच गाडी राहावी, हेही त्यांना हवे होते. मग जुन्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध असलेल्या मल्लिक बाजारात आमच्या फेऱ्या सुरू झाल्या. तेथे पहिला प्रश्न आला तो हा, की ‘तेच इंजिन’ म्हणजे नेमके कोणते?

या इंजिनाचे मूळ गाव बर्मिंगहॅमजवळचे लाँगब्रिज, म्हणजे ऑस्टिन कंपनीचे ठाणे. १९४७ साली निघालेल्या ऑस्टिन ए-४० गाडीचे १२०० घन सेंटिमीटरचे इंजिन हा या कुळाचा पूर्वज. मॉरिसचे घराणे निराळे; त्याचे बिऱ्हाड ऑक्सफर्डजवळच्या काउलीस. ही दोन्ही घराणी वर्षानुवर्षे एकमेकांची स्पर्धक होती. १९५२ साली ती एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन स्थापन झाले, आणि दोघांच्या गाड्यांना समाईक इंजिने देण्याचे ठरले. त्यांतले मध्यम आकाराचे ते ‘बी-सीरिज’. १४८९ घन सेंटिमीटरचे हे इंजिन १९५३ साली एम.जी. मॅग्नेटमध्ये आणि १९५४ साली मॉरिस ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेत आले. ऑस्टिनची लेक मॉरिसच्या घरी सून होऊन आली म्हणा ना!

या कुळाची एक खूण मोठी गमतीची आहे. पिस्टनची धाव, म्हणजे त्याचे खालीवर होण्याचे अंतर, सर्व पेट्रोल भावंडांत एकच : साडेतीन इंच. वाढत गेला तो केवळ सिलिंडरचा व्यास. तो साडेपासष्ट मिलिमीटर असता १२०० घन सेंटिमीटरचे इंजिन झाले, ७३ झाल्यावर १४८९ चे, आणि ८० च्या किंचित पुढे गेल्यावर एम.जी.बी. या गाडीचे १७९८ चे. अर्थात कूळ एक म्हणून प्रत्येक भावंड प्रत्येक घरात नांदेल असे नाही. १९६४ पासून एम.जी.बी.च्या क्रँकशाफ्टला तीनऐवजी पाच बेअरिंगे आली. त्यामुळे फ्लायव्हील व गिअरबॉक्सचा जोड जुन्या गाडीला जसाच्या तसा जुळत नाही. शोधणाऱ्याने भुलावे ते येथेच.

आता या कुळाची शाखा आपल्या देशात कशी आली ते पाहू. १९४२ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान मोटर्सचे बिऱ्हाड आधी गुजरातेतील ओखा बंदरी होते. पुढे ते कोलकात्याजवळ उत्तरपाड्यास आले. मॉरिसच्या ऑक्सफर्ड गाड्यांवरूनच तेथे आधी लँडमास्टर आणि नंतर अँबॅसडर घडली. सुरुवातीच्या अँबॅसडरमध्ये १४७६ घन सेंटिमीटरचे जुन्या साइड-व्हॉल्व्ह धर्तीचे इंजिन होते. १९५९ साली त्याजागी १४८९ चे बी-सीरिज इंजिन आले. पुढे त्याच मापाचे डिझेल इंजिनही निघाले. पण माप एक असले तरी त्याची जात निराळी. १९९० च्या दशकात इसुझूचे १८१७ घन सेंटिमीटरचे जपानी इंजिन आले. मे २०१४ मध्ये कारखान्यातील उत्पादन थांबले. इंग्लंडात ऑक्सफर्डचे नाव पुसले गेल्यावरही तिचा वंश हुगळीकाठी दीर्घकाळ नांदत राहिला होता.

इंजिनावरील मूळ क्रमांकाचा आग्रह धरणारे पुष्कळ असतात. इंग्लंडात गेडन येथील मोटार-संग्रहालय जुन्या कारखान्यांच्या दप्तरावरून तसा दाखलाही देते. परंतु त्याच कंपनीने आपल्या काळी ‘गोल्ड सील’ नावाची दुरुस्त केलेली इंजिने थकलेल्या इंजिनांच्या बदल्यात विकली होती. याचा अर्थ, इंजिन बदलणे हा गाडीच्या आयुष्यातला नेहमीचा व्यवहार, असे खुद्द निर्मात्यांनीच मानले होते. आम्हांस वाटते, निष्ठा ठेवावी ती कुळावर. क्रमांकाला कागदपत्रांपुरता मान द्यावा. आपल्या सरकारनेही २०२१ साली नियम केला, की पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडी ती ‘व्हिंटेज’. परक्या कुळातले इंजिन बसविणाऱ्याने याचा विचार आधी करावा.

स्नेह्यांना अखेर इंजिन मिळाले ते एका मोडीत निघालेल्या पेट्रोल अँबॅसडरमधून. सिलिंडर पुन्हा घासून घेतले, मोठ्या मापाचे पिस्टन बसविले, नवा क्रमांक परिवहन कार्यालयात रीतसर नोंदविला. पहिल्यांदा ते सुरू झाले तेव्हा स्नेह्यांच्या वृद्ध मातोश्री आतून म्हणाल्या, “हे आले वाटतं!” आम्हां कोणालाच काही बोलवेना.

आपल्यापैकी अनेकांनी पांढऱ्या अँबॅसडरमधून सरकारी दौरे केले असतील, आणि तिच्या निर्लेखनाच्या कागदावर सहीही केली असेल. उत्तरपाडा बंद झाल्यापासून अशा प्रत्येक सहीसरशी या कुळातला एकेक वंशज कमी होत आहे. यापुढे असा कागद समोर आला, तर सही करण्यापूर्वी क्षणभर झाकण उघडून आत कोण आहे ते पाहावे, एवढीच विनंती.