विटेनबर्गचा न्हावी आणि प्रार्थनेची रीत

प्रार्थना ही श्वासोच्छ्वासासारखी सहज असली पाहिजे, असें धर्मोपदेशक पुष्कळदां सांगतात. परंतु जो ती करावयास बसतो, त्याचा अनुभव बहुधा निराळा असतो. हात जोडले जातात, ओंठ हालूं लागतात, आणि मन मात्र दुकानाच्या हिशेबाकडे किंवा सकाळच्या भांडणाकडे निघून जातें. ही उणीव श्रद्धेची समजावी कीं सरावाची? ख्रिस्ती जगाच्या इतिहासांत या प्रश्नाचें एक मार्मिक उत्तर एका न्हाव्याच्या निमित्तानें लिहिलें गेलें. त्या न्हाव्याचें पुढें जें झालें, त्यामुळें त्या उत्तराची कसोटीही लागलीच लागली.

पेतर बेस्केनडॉर्फ हा जर्मनींतील विटेनबर्ग गांवचा न्हावी आणि मार्टिन ल्यूथरचा जुना स्नेही. साध्या प्रापंचिक माणसानें प्रार्थना कशी करावी, हें आपणांस समजावून द्यावें, अशी त्याची विनंती होती. १५३५ च्या आरंभीं ल्यूथरनें तिला उत्तर म्हणून एक लहानसें पुस्तक लिहिलें, व तें 'पेतर न्हावी' यालाच अर्पण केलें.

असा प्रश्न न्हाव्याला पडावा, हाच मुळीं त्या काळाचा विशेष होय. तत्पूर्वीं नेमलेल्या प्रहरीं लॅटिन भाषेंत स्तोत्रें म्हणणें हें मठवासी व धर्मगुरु यांचें काम असे. प्रापंचिकानें माळेचे मणी ओढून ठरलेले शब्द मोजावे, एवढ्यानें भागत असे. १५१७ नंतर जी धर्मसुधारणा झाली, तिनें प्रत्येक गृहस्थाला देवापुढें स्वतः उभें केलें. १५२२ मध्यें ल्यूथरचें प्रार्थनापुस्तक निघालें, १५२९ मध्यें घरोघर शिकविण्याजोगी लहान प्रश्नोत्तरी निघाली, आणि १५३४ मध्यें त्यानें केलेलें संपूर्ण बायबलाचें जर्मन भाषांतर छापून झालें. दार उघडलें खरें. पण आंत जावयाचें तें आपल्याच पायांनीं. जें काम आजवर दुसरा करीत होता, तें आतां वस्तरा चालविणाऱ्या हातांकडे आलें होतें.

उत्तर देणाराही या वाटेवर ठेंचा खाल्लेला होता. १५०५ मध्यें ल्यूथर एर्फुर्ट येथील मठांत शिरला. पुढें अध्यापनाचीं कामें वाढलीं, तेव्हां प्रहरांच्या प्रार्थना तुंबत, आणि आठवड्याच्या अखेरीस स्वतःस कोंडून घेऊन, अन्नपाणी सोडून, तो ती थकबाकी फेडूं पाही. देवाशीं बोलणें हें अशा रीतीनें सावकाराचें देणें होऊन बसलें. १५२० च्या सुमारास त्यानें हा क्रम सोडला. परंतु मन कोरडें कसें पडतें, हें तो विसरला नाहीं.

म्हणूनच या पुस्तकाचा आरंभ कबुलीनें होतो. इतर कामांनीं वा विचारांनीं आपलेंही मन प्रार्थनेविषयीं थंड होतें, असें तो सांगतो. त्यावर उपाय म्हणून भाव दाटून येण्याची वाट पाहत बसावें, असें मात्र तो सांगत नाहीं. स्तोत्रांचें पुस्तक घेऊन खोलींत किंवा मंदिरांत जावें, आणि लहान मुलाप्रमाणें दहा आज्ञा, विश्वासांगीकार व शास्त्रांतील कांहीं वचनें उच्चारावीं. ऊब मागून येते. प्रार्थना सकाळचें पहिलें व रात्रींचें शेवटचें काम असावें. 'एवढें काम उरकूं, मग घटकाभरानें बसूं' या विचारापासून विशेष जपावें. कारण ती घटका येत नाहीं. त्यानंतर प्रभूच्या प्रार्थनेंतील एकेक मागणी घेऊन ती आपल्या शब्दांत कशी उलगडावी, हें त्यानें दाखविलें आहे. प्रत्येक आज्ञेचा तो चार पदरी गोफ विणतो: तींतून काय शिकावें, कशाबद्दल आभार मानावे, कोणता अपराध कबूल करावा आणि काय मागावें. माझेच शब्द पाठ करूं नका, असेंही तो बजावतो. मध्येंच एखादा विचार आंतून पेटला, तर उरलेलें सर्व सोडून स्वस्थ बसावें व ऐकावें, ही त्याची सूचना आम्हांस सर्वांत मोलाची वाटते.

एकाग्रतेसाठीं त्यानें दृष्टान्त घेतला तो पेतरच्याच धंद्यांतला. चांगल्या न्हाव्याचें लक्ष वस्तऱ्यावर व केसांवर असतें. तो गप्पा मारीत इकडे तिकडे पाहूं लागला, तर समोरच्याचें नाक किंवा गळा कापला जावयाचा. सेना न्हाव्याचे अभंग ज्यांच्या कानांवरून गेले आहेत, त्या आमच्या वाचकांस वस्तऱ्याची आणि भक्तीची ही सांगड परकी वाटणार नाहीं.

परंतु त्याच वर्षीं, २७ मार्च रोजीं, ईस्टरच्या आदल्या दिवशीं, लेकीच्या घरीं जेवणाच्या प्रसंगीं पेतरनें मद्याच्या अमलाखालीं आपल्या जांवयास सुरा भोंसकून ठार केलें. जांवई शिपाईगिरी केलेला; आपल्या अंगांत शस्त्र शिरत नाहीं, अशी त्याची बढाई होती, असें सांगतात. ल्यूथर व इतर वजनदार मंडळी यांनीं रदबदली केल्यामुळें पेतरचा प्राण वांचला. पण मालमत्ता गेली, आणि हद्दपार होऊन त्याला डेसाउ येथें जावें लागलें.

मग त्या पुस्तकाचा उपयोग काय झाला, असें कोणी विचारील. 'खून करूं नको' ही आज्ञा, चारही पदरांसह, त्या पुस्तकांत होतीच. प्रार्थना शिकलेल्याचा हात चुकत नाहीं, असा जर तिचा करार असेल, तर तो येथें उघड उघड मोडला. आमचें मत असें कीं, ल्यूथरनें तसा करार केलाच नव्हता. त्याच्या गोफांत अपराधाच्या कबुलीचा पदर प्रत्येक आज्ञेमागें आहे, आणि प्रभूच्या प्रार्थनेंत क्षमेची मागणी रोजच्या भाकरीच्या मागणीला लागूनच आहे. चुकणाऱ्या माणसानें रोज परत यावें, हें गृहीत धरूनच ही रीत बांधलेली आहे. गुरूनेंही खुनी शिष्याकडे पाठ फिरविली नाहीं. त्यासाठीं त्यानें शब्द टाकला.

ज्यांना प्रार्थना जड वाटते, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें. मन थंड असणें ही प्रार्थनेस अपात्रता नव्हे. ल्यूथरचें पुस्तक तेथूनच सुरू होतें. ज्याला सकाळीं शब्द सुचत नाहींत, त्यानें जुने शब्द घ्यावे, हळू उच्चारावे, एका ठिकाणीं थांबावें, आणि उद्यां पुन्हां बसावें. कारागीर आपली विद्या अशीच शिकतो.