ढोलकीवरचे पांडित्य

सोलापूर हे मुळातच एका भाषेचे गाव नव्हे. बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी ज्या वचनांच्या योगाने या भूमीला पुण्यक्षेत्राची प्रतिष्ठा दिली ती वचने कानडी होती. पेठेतला व्यवहार मराठी आणि दखनी बोलीत चाले. आणि पुढे मागावर बसलेल्या पद्मशाली विणकरांनी आपल्या घरची तेलुगू येथे आणली. अशा गावात वाढलेल्या मनुष्याच्या कानाला परका ध्वनी सहसा बोचत नाही, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात राम जगन्नाथ जोशी या ब्राह्मणपुत्राने जे धाडस केले त्याची अर्धी उपपत्ती, माझ्या मते, या बहुभाषिक हवेतच सापडते.

उरलेली अर्धी त्याच्या घरात सापडते. थोरला भाऊ मुद्गल हा पुराणिक, व्युत्पन्न आणि कुळाच्या वृत्तीला जपणारा. आणि गावात धोंडी शाहिराचा तमाशा. लष्कराच्या गोटात आणि रयतेच्या जत्रेत रंगणारा हा खेळ प्रायः महार, मांग, कोल्हाटी या समाजांच्या कलावंतांनी जोपासलेला होता. तेथे जोशांच्या मुलाने नुसते बसणेसुद्धा गैरवाजवी, मग धोंडीसाठी लावण्या रचणे तर विचारूच नये. भावाने त्याला घराबाहेर काढले. रामाने पंढरपूर गाठले, पाध्ये शास्त्र्यांपाशी संस्कृताचे अध्ययन केले, आणि परत येऊन तो कीर्तनाला उभा राहिला. येथे एखाद्या सद्बोधपर चरित्रकाराने पश्चात्तापाचा अध्याय लिहून ग्रंथ मिटला असता. रामाने मात्र शिकलेली सगळी विद्या काखेत मारून पुन्हा फडाचाच रस्ता धरला.

त्या काळी काव्यातली सर्वांत प्रतिष्ठित तऱ्हा बारामतीच्या मोरोपंतांची होती. बाबूजी नाइकांच्या आश्रयास राहून पंतांनी आर्येला जे यमकांचे, अनुप्रासांचे आणि लांबलचक समासांचे वैभव आणले होते त्याचा दरारा विद्वत्सभांत होता, आणि त्या सभांचे दार ढोलकीवाल्याला बंद होते. राम जोशी याने ते वैभव उचलून लावणीत घातले. त्याने संस्कृतात लावण्या रचल्या. संस्कृत, मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी या चार भाषा एकाच लावणीत नांदवल्या. आणि ज्या जागी श्रोत्याला शृंगाराचा खटका अपेक्षित असे त्या जागी श्लेष आणून बसवला. परंतु ढोलकीची थाप, तुणतुण्याचा सूर आणि झीलकऱ्यांनी उचलून धरायचे ध्रुपद यांना त्याने हात लावला नाही. माझ्या मते त्याचे खरे शहाणपण येथे आहे. उलट बाजूनेही व्यवहार झाला: पंतांच्या आर्या कीर्तनातून गाऊन त्याने सामान्य जनांच्या कानांवर घातल्या, म्हणजे पंडिताला ज्या थराशी कधी दोन शब्द बोलण्याचा योग नव्हता त्या थरापर्यंत पंडिताची कविता एका तमासगिराने पोहोचवली. पंत त्याच्यावर प्रसन्न होते आणि त्यांनी त्याला पुन्हा कीर्तनाकडे वळवले, अशी आख्यायिका आहे.

असा प्रसंग अन्य मुलखांतही घडतो. अमेरिकेत डेट्रॉइट या मोटारींच्या कारखान्यांच्या शहरात, एके काळी स्वतः मोटारींच्या जोडणीचे काम केलेल्या बेरी गॉर्डी याने १९५९ मध्ये ध्वनिमुद्रिकांची मोटाउन ही कंपनी काढली, आणि कृष्णवर्णीयांच्या देवळांतून व वस्त्यांतून वाढलेले ‘सोल’ गाणे घरोघर नेले. तिच्या ‘सुप्रीम्स’ या तीन गायिकांच्या संचाचे ‘रिफ्लेक्शन्स’ हे गीत जुलै १९६७ मध्ये निघाले. त्या वर्षी गोऱ्या तरुणांत सायकेडेलिक संगीताची, म्हणजे प्रतिध्वनी, विद्युत्-चमत्कार आणि स्वप्नवत् भास यांची, लाट होती. (त्या लाटेत आपली सतारही सापडली होती, त्याच वर्षीच्या जून महिन्यात रविशंकर माँटेरेच्या संगीत महोत्सवात वाजवून आले होते.) हॉलंड-डोझियर-हॉलंड या रचनाकार त्रयीने यंत्रांची परीक्षा घेण्याच्या कामी येणाऱ्या ऑसिलेटरचे चमत्कारिक स्वर गीताच्या आरंभी योजले, पण त्याखालचा ठेका आणि बास गिटारची चाल मोटाउनचीच ठेवली. गीत लोकप्रियतेच्या यादीत दुसऱ्या स्थानापर्यंत चढले. ते बाजारात आले त्याच सुमारास डेट्रॉइटमध्ये दंगल पेटून ४३ माणसे मेली, आणि संचातील फ्लॉरेन्स बॅलर्ड हिला त्याच महिन्यात दूर करण्यात आले. दुसऱ्याच्या दिवाणखान्यातला ध्वनी आपल्या अंगणात आणण्याची रामाची आणि या त्रयीची रीत एकच. फरक इतकाच की रामाने उसना घेतलेला ध्वनी जुन्या विद्येचा होता, आणि त्यांचा कालपरवाच्या यंत्राचा.

राम जोशी याच्या सगळ्याच लावण्या सारख्या तोलाच्या आहेत असे मात्र कोणी समजू नये. काही ठिकाणी यमकाच्या हट्टापायी अर्थ लंगडतो, आणि शाहीर होनाजीच्या रचनेतला मार्दवाचा गुण त्याच्यापाशी फार थोडा. परंतु ढोलकीच्या गतीने म्हटल्यावर त्याचे अवघड समासही फडात तग धरतात, आणि पुण्यात दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत त्याचे चाहते दरबारापासून रस्त्यापर्यंत सर्वत्र होते. आलेला पैसा मात्र टिकला नाही. १८१२ च्या सुमारास तो वारला तेव्हा गाठीला फारसे काही नव्हते.

१९४७ मध्ये राजकमल कलामंदिराने ‘लोकशाहीर रामजोशी’ हा बोलपट काढला. जयराम शिलेदार राम झाले, हंसा वाडकर नायिका बया झाल्या, पटकथा गदिमांची, संगीत वसंत देसाईंचे. आणि पडद्यावरील तमाशाची लाट तेथून सुरू झाली. लगोलग मुंबई सरकारने प्रत्यक्ष तमाशावर बंदीचा हुकूम काढला, ही गोष्ट आपल्या सांस्कृतिक दप्तरात नमूद करून ठेवण्यासारखी आहे.

रामाने विद्वानांसाठी लिहिलेला ‘मदालसाचंपू’ आज वाचतो कोण? लावणीच्या वाचकास माझे सांगणे इतकेच की, मोरोपंतांची एखादी आर्या आधी मोठ्याने म्हणावी, मग रामाची लावणी तशीच म्हणावी, आणि यमक ढोलकीच्या कोणत्या थापेवर पडते तिकडे कान द्यावा. अर्थासाठी कोश नंतर उघडला तरी चालेल.