मोटारीतील ध्वनिवर्धक आणि उष्णतेचा प्रश्न

मोटारीतील ध्वनिवर्धक, म्हणजे क्षीण विद्युतसंकेताला स्पीकर हलवण्याइतके बळ देणारे उपकरण, तापतो ही तक्रार त्या उपकरणाइतकीच जुनी आहे. १९३० साली शिकागोच्या गॅल्व्हिन कंपनीने ‘मोटोरोला’ हा मोटार-रेडिओ बाजारात आणला, तेव्हा प्रवर्धनाचे काम निर्वात नळ्या करीत, आणि नळीतील ऋणाग्र तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन बाहेर पडतच नसल्यामुळे तेथे उष्णता हा बिघाड नसून कामाची अटच होती. १९५५ मध्ये फिल्को व क्रायस्लर यांच्या संपूर्ण ट्रान्झिस्टरच्या रेडिओने ती अट संपवली खरी. पण जर्मेनियमचा ट्रान्झिस्टर तापला की त्यातून अधिक प्रवाह वाहतो आणि त्या प्रवाहाने तो आणखी तापतो, हे नवेच दुष्टचक्र त्यासोबत आले. सिलिकॉनमुळे सहनशक्ती वाढली, परंतु भौतिकीचा हिशेब चुकला नाही, कारण संकेताचे दोन अर्धे भाग दोन ट्रान्झिस्टरांत वाटून देणाऱ्या ‘बी’ वर्गाच्या मंडलाची कार्यक्षमता सैद्धांतिकदृष्ट्याही सुमारे ७८.५ टक्क्यांवर थांबते व उरलेली ऊर्जा ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांच्या कवचावाटे हवेत सोडावी लागते. हे कवच सीटखाली गालिच्यात दडपणारे ग्राहक त्याला बहुधा शोभेची वस्तू समजत असावेत. म्हणूनच दुरुस्ती करणारा कारागीर आधी हवेला वाट मोकळी आहे का ते पाहतो, मग अर्थिंगची तार आणि स्पीकरचा अवरोध तपासतो, कारण ४ ओहमऐवजी २ ओहमचा भार जोडल्यास त्याच व्होल्टतेला प्रवाह दुप्पट होतो. पुढे ट्रान्झिस्टर केवळ पूर्ण चालू किंवा पूर्ण बंद ठेवणाऱ्या ‘डी’ वर्गाच्या रचनेने उष्णता बरीच घटवली.