वारा फिरला तेव्हा

उत्तरेचा वारा म्हटलं की आपल्याला पौषातली थंडी आठवते. ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय टोकावरच्या व्हिक्टोरिया राज्यात मात्र लोक याच वाऱ्याची धास्ती घेतात. तिथे जानेवारी-फेब्रुवारी म्हणजे ऐन उन्हाळा आणि उत्तरेला पसरलेला खंडाचा तापलेला, रखरखीत मध्यभाग. तिथून सोसाट्यानं आलेला कोरडा वारा गवतातला, पाल्यातला उरलासुरला ओलावा शोषून घेतो. त्यात जंगलं निलगिरीची. हे झाड आपल्याकडे आलं ते ऑस्ट्रेलियातूनच. त्याच्या पानांतच तेल असतं, त्यामुळे आगीत तेल ओतायला वेगळं कुणी लागत नाही. सालीच्या जळत्या पट्ट्या वाऱ्याबरोबर उडतात आणि कित्येक किलोमीटर पुढे जाऊन नवा वणवा लावतात.

६ फेब्रुवारी १८५१ या गुरुवारी आजच्या व्हिक्टोरियाचा जवळपास एक चतुर्थांश भाग वणव्याखाली आला. वस्ती विरळ होती, म्हणून माणसं बाराच्या आसपास गेली. मेंढ्या मात्र दहा लाखांच्या घरात.

पुढे जंगलात लाकूड कापण्याच्या गिरण्या उभ्या राहिल्या, त्यांच्याभोवती कामगारांची बिऱ्हाडं वसली. १३ जानेवारी १९३९ या शुक्रवारी मेलबर्नचा पारा ४५.६ अंशांवर गेला. वणव्यांनी ७१ माणसं नेली, सुमारे २० लाख हेक्टर प्रदेश जळाला. न्यायाधीश लेनर्ड स्ट्रेटन यांनी चौकशी केली. त्यांचा निष्कर्ष स्पष्ट होता: आगी माणसांनीच लावल्या होत्या. कुणी जमीन साफ करायला, कुणी गुरांना कोवळं गवत मिळावं म्हणून. अशा लहानसहान आगी आधीपासून धुमसत होत्या. वाऱ्यानं त्या एकत्र केल्या. या चौकशीनंतर ग्रामीण भागासाठी एकसंध अग्निशमन यंत्रणा हवी हा विचार रुजला आणि १९४५मध्ये ती स्थापन झाली.

पण या वाऱ्याची आणखी एक खोड आहे. दिवसभर तो उत्तरेकडून वाहतो, तेव्हा वणवा एखाद्या लांबट, अरुंद पट्ट्यासारखा दक्षिणेकडे धावतो. मग नैर्ऋत्येकडून गार वारा येतो. अंगाला बरं वाटतं, जीव भांड्यात पडतो. नेमका तोच क्षण घातक असतो. कारण वारा फिरताच त्या पट्ट्याची कित्येक किलोमीटर लांबीची बाजू वणव्याचं तोंड होते आणि नव्या दिशेनं चालून येते. १६ फेब्रुवारी १९८३ला हेच घडलं. व्हिक्टोरिया आणि शेजारचं साउथ ऑस्ट्रेलिया मिळून ७५ माणसं गेली. अप्पर बीकन्सफील्ड इथे आग विझवायला गेलेले १२ स्वयंसेवक वारा फिरल्यावर आगीत सापडले.

७ फेब्रुवारी २००९च्या शनिवारी मेलबर्नला ४६.४ अंश तापमान होतं. १९३९चा उच्चांक मोडला. किलमोर ईस्ट गावाजवळ विजेची तार तुटली आणि वणवा पेटला. संध्याकाळी वारा फिरला. त्या दिवशीच्या वणव्यांत मिळून १७३ माणसं गेली, त्यातली ११३ घरांमध्ये. तोवर सल्ला असा होता की लवकर निघा, नाहीतर तयारीनिशी थांबून घर वाचवा. त्यानंतर धोक्याची एक नवी, सर्वांत वरची पायरी ठरवण्यात आली. तो इशारा दिला की घराचा मोह सोडून आधीच बाहेर पडायचं.

आम्ही कवी वाऱ्याला निरोप्या म्हणतो. व्हिक्टोरियाच्या लोकांना त्याचा निरोप वाचायला दीडशेहून अधिक वर्षं लागली. आज वारा कधी सुटणार आणि कधी फिरणार, याचा अंदाज हवामान खातं आधीच देतं. वारा अडवणं आजही कुणाच्या हाती नाही. पण अशा दिवशी काडी न ओढणं, तारा वेळेवर तपासणं आणि सांगितलं की निघणं, एवढं माणसाच्या हाती आहे. बाकी सगळं वारा करतो.