प्रतिस्पर्ध्यासाठी आरोळ्या : १९४२ चा आर्मी-नेव्ही सामना आणि पाहुण्या प्रेक्षकांचा इतिहास

१/ २८ नोव्हेंबर १९४२. अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातील अ‍ॅनापोलिस हे गाव. नौदल अकादमीच्या मैदानावर भूदल आणि नौदल यांचा वार्षिक फुटबॉल सामना सुरू होता. भूदलाच्या संघामागील बाकांवरून भूदलाची गाणी आणि भूदलाच्या जयघोषाच्या आरोळ्या घुमत होत्या. आश्चर्य इतकेच, की त्या आरोळ्या देणाऱ्या तरुणांच्या अंगावर गणवेश होता नौदलाचा!

२/ आपल्याच संघाच्या प्रतिस्पर्ध्यासाठी घसा कोरडा करण्याची वेळ या तरुणांवर का आली? त्याचे उत्तर शोधताना आपण एका दुर्लक्षित माणसाच्या इतिहासाशी येऊन पोहोचतो. तो माणूस म्हणजे आपल्या संघाच्या पाठीमागे परक्या मैदानावर जाणारा पाहुणा प्रेक्षक. आजचा धागा त्याच्याविषयी.

३/ प्रथम पार्श्वभूमी. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तिन्ही दलांचे छात्र एकत्र शिकतात. अमेरिकेत तशी रीत नाही. भूदलाचे अधिकारी घडतात न्यूयॉर्क राज्यात, हडसन नदीकाठच्या वेस्ट पॉइंट येथे (स्थापना १८०२). नौदलाचे घडतात अ‍ॅनापोलिसला (स्थापना १८४५). या दोन्ही संस्था म्हणजे पदवी देणारी महाविद्यालयेच. त्यामुळे महाविद्यालयीन फुटबॉलच्या वेडातून त्या सुटल्या नाहीत. हा फुटबॉल अर्थातच अमेरिकी : लांबोळा चेंडू हातात घेऊन, प्रतिस्पर्ध्यांची भिंत फोडत धावण्याचा.

४/ पहिला सामना २९ नोव्हेंबर १८९० रोजी वेस्ट पॉइंटला झाला. नौदलाचा संघ पाहुणा होता. त्याने २४-० असा विजय मिळवला. आख्यायिका अशी, की मैदानाकडे चालत जाताना पाहुण्यांना वाटेत एका घराबाहेर बोकड दिसला आणि शुभशकुन म्हणून त्यांनी तो सोबत घेतला. तेव्हापासून बोकड हे नौदलाच्या संघाचे मानचिन्ह ठरले. परक्या गावात पाऊल ठेवताना काहीतरी ‘आपले’ हाताशी असावे, ही पाहुण्याची भावना या आख्यायिकेत स्पष्ट दिसते.

५/ परंतु लवकरच या चुरशीला कटुतेची धार आली. १८९३ च्या सामन्यानंतर एक निवृत्त नौदलाधिकारी आणि एक भूदलाधिकारी यांच्यातील वाद थेट द्वंद्वयुद्धाच्या आव्हानापर्यंत गेला, अशी कथा सांगितली जाते. कथेचा तपशील काहीही असो, प्रकरण वॉशिंग्टनपर्यंत पोहोचले आणि १८९४ मध्ये सरकारी आदेश निघाले.

६/ या आदेशांची शब्दरचना लक्षात घेण्याजोगी आहे. फुटबॉलवर बंदी घातली गेली नाही. इतर महाविद्यालयांच्या संघांनी वेस्ट पॉइंटला किंवा अ‍ॅनापोलिसला येऊन खेळण्यासही हरकत नव्हती. मनाई होती ती या दोन अकादमींच्या संघांनी आपले आवार सोडून बाहेर जाण्यास. दोघांपैकी कोणी बाहेरच पडायचे नाही म्हटल्यावर परस्परांतील सामना आपोआप बंद पडला. खेळ राहिला, प्रवास गेला. आणि प्रवासाबरोबर स्पर्धाही गेली.

७/ ही कोंडी फोडण्यासाठी प्रयत्न करणाऱ्यांत एक नाव होते थिओडोर रूझवेल्ट यांचे. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले रूझवेल्ट १८९७ मध्ये नौदल खात्याचे सहायक सचिव होते. सामना पुन्हा सुरू व्हावा, असा आग्रह त्यांनी युद्धसचिवांकडे धरला. अखेर १८९९ मध्ये मार्ग निघाला : सामना कोणाच्याच अंगणात नको, तो दोन्ही गावांच्या जवळजवळ मध्यावर असलेल्या फिलाडेल्फिया शहरात व्हावा.

८/ या तोडग्यातील शहाणपण असे, की आता यजमान कोणीच उरला नाही. दोन्ही संघ पाहुणे, दोन्हीकडचे प्रेक्षक पाहुणे. १८९९ चा सामना भूदलाने १७-५ असा जिंकला. बोकडाला उत्तर म्हणून भूदलाकडून खेचर मैदानात आले तेही याच वर्षी. परंपरा सांगते, की ते फिलाडेल्फियात बर्फाची गाडी ओढणारे खेचर होते. थोडक्यात, या दोन्ही अकादमींची मानचिन्हे घरी घडलेली नाहीत. ती प्रवासात सापडलेली आहेत.

९/ पुढील चार दशकांत फिलाडेल्फियाची वाट ही एक राष्ट्रीय प्रथा झाली. सामना तेथील म्युनिसिपल स्टेडियमवर होऊ लागल्यावर पेनसिल्व्हेनिया रेलरोड ही कंपनी त्या दिवशी विशेष गाड्यांची रांगच लावत असे. मैदानाशेजारच्या मालगाड्यांच्या यार्डाचे एका दिवसापुरते प्रवासी स्थानक होई. गाड्यांमागून गाड्या रिकाम्या होत, लोक चालत मैदानात जात आणि संध्याकाळी त्याच गाड्यांनी परतत.

१०/ २९ नोव्हेंबर १९४१ चा सामना पाहण्यासाठी सुमारे एक लाख लोक जमले. नौदलाने तो १४-६ असा जिंकला. त्या दिवशीच्या कार्यक्रम-पुस्तिकेत ‘अ‍ॅरिझोना’ या युद्धनौकेचे छायाचित्र होते आणि खाली बढाईचा मजकूर होता : विमानवाद्यांनी काहीही म्हणोत, बाँबने अद्याप एकही युद्धनौका बुडालेली नाही. आठ दिवसांनी, ७ डिसेंबरला, पर्ल हार्बरच्या हल्ल्यात जपानी बाँबने ‘अ‍ॅरिझोना’ बुडाली. तिच्यावरील ११७७ जण मृत्युमुखी पडले.

११/ युद्धाचा पहिला आघात प्रवासावर झाला. जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज जिंकल्यामुळे अमेरिकेला मिळणाऱ्या रबराचा बहुतांश पुरवठा तुटला. रबर नाही म्हणून टायर नाहीत; आहेत ते टायर झिजू नयेत म्हणून पेट्रोलवर नियंत्रण. पूर्वेकडील राज्यांत हे नियंत्रण मे १९४२ पासून होते. १ डिसेंबरला ते साऱ्या देशाला लागू झाले. रेल्वेगाड्या सैन्य आणि युद्धसामग्री वाहण्यात गुंतल्या होत्या. अशा काळात एक लाख लोकांना फुटबॉल पाहायला कसे नेणार?

१२/ म्हणून १९४२ चा सामना अ‍ॅनापोलिसच्या लहानशा मैदानावर हलवण्यात आला. मैदानापासून दहा मैलांच्या परिघात राहणाऱ्यांनाच तिकिटे देण्याचे ठरले. वेस्ट पॉइंटहून भूदलाचा संघ आला, पण त्याच्या पाठीशी दरवर्षी संचलन करत येणारे कॅडेट मात्र येऊ शकले नाहीत. पन्नास वर्षांच्या या स्पर्धेत भूदलाची बाजू मुकी पडणार होती.

१३/ येथे नौदल अकादमीने जो मार्ग काढला, तो क्रीडेतिहासात विरळाच म्हणावा लागेल. तिने आपल्याच कनिष्ठ वर्गांतील छात्रांना आज्ञा दिली : तुम्ही भूदलाच्या बाजूला बसायचे, त्यांची गाणी म्हणायची, त्यांच्या संघाला प्रोत्साहन द्यायचे. छात्रांनी शत्रुपक्षाच्या आरोळ्या पाठ केल्या आणि आज्ञा पाळली. सामना नौदलाने १४-० असा जिंकला. आपण ज्यांच्यासाठी ओरडलो ते हरले, याचा आनंद मनातल्या मनात मानण्याचा दुर्मीळ योग त्या छात्रांच्या वाट्याला आला.

१४/ १९४३ मध्ये सामना वेस्ट पॉइंटला झाला आणि वेस्ट पॉइंटने या सौजन्याची परतफेड केली. नौदलाचे छात्र येऊ शकत नव्हते, म्हणून आता भूदलाचे कॅडेट त्यांच्या वतीने आरोळ्या देत होते. याही वेळी नौदलच १३-० असे जिंकले. म्हणजे १९४२ मध्ये उसन्या आवाजाने पाहुण्यांना तारले नाही. १९४३ मध्ये मात्र पाहुणेच जिंकून गेले!

१५/ हा सारा प्रकार गमतीचा वाटेल. पण तारखा पाहा. १९४२ च्या सामन्याच्या वीसच दिवस आधी, ८ नोव्हेंबरला, अमेरिकी नौदलाने आपल्या भूदलाचे सैनिक मोरोक्कोच्या किनाऱ्यावर उतरवले होते. ग्वाडलकनाल बेटावरची लढाई चालूच होती. दोन्ही अकादमींचा चार वर्षांचा अभ्यासक्रम तीन वर्षांवर आला होता. बाकांवर बसलेल्या त्या तरुणांपैकी कित्येक जण लवकरच अशा युद्धात उतरणार होते, जेथे एका दलाचे प्राण दुसऱ्या दलाच्या हाती असणार होते. प्रतिस्पर्ध्याची गाणी पाठ करणे ही त्यांच्यासाठी केवळ मौज नव्हती.

१६/ १९४४ मध्ये पाहुणा प्रेक्षक परतला. सामना बाल्टिमोरला हलवण्यात आला आणि तिकिटाबरोबर युद्धरोखे खरेदी करणे आवश्यक ठरले. वेस्ट पॉइंटच्या कॅडेटांना जहाजाने आणले गेले. अटलांटिकमधील जर्मन पाणबुड्यांच्या धोक्यामुळे सोबत संरक्षक विनाशिका होत्या. फुटबॉलच्या प्रेक्षकांना विनाशिकांचे संरक्षण! आणि ते संरक्षण देत होते प्रतिस्पर्धी नौदल. देशातील अव्वल मानल्या गेलेल्या या दोन संघांच्या लढतीत भूदलाने २३-७ असा विजय मिळवला.

१७/ या पन्नास वर्षांकडे एकत्र पाहिले, तर एक गोष्ट स्पष्ट होते. १८९४ मध्ये पाहुण्याला उपद्रव समजून रोखले, तेव्हा सामनाच संपला. १८९९ मध्ये दोघांनाही पाहुणे केले, तेव्हा तो पुन्हा उभा राहिला. १९४२ मध्ये पाहुणे येऊच शकले नाहीत, तेव्हा यजमानांनी स्वतःतून पाहुणे निर्माण केले. समोरच्या बाजूने कोणी ओरडणारच नसेल, तर आपल्या ओरडण्याला अर्थ उरत नाही, हे त्या अकादमीला उमगले होते.

१८/ आजही दोन्ही अकादमींचे काही छात्र एका सत्रासाठी परस्परांच्या संस्थेत शिकायला जातात. सामन्याच्या दिवशी खेळ सुरू होण्यापूर्वी हे छात्र मैदानाच्या मध्यावर समारंभपूर्वक आपापल्या बाजूला परत केले जातात. या विधीला थट्टेने ‘युद्धकैद्यांची अदलाबदल’ म्हणतात. सामना संपल्यावर दोन्ही संघ एकत्र उभे राहून दोन्ही अकादमींची गीते ऐकतात : आधी पराभूतांचे, मग विजेत्यांचे.